कर्ण्याचं तोंड नवरीच्या गावाकडं

लग्नसराई आली की आमच्या घरात सगळ्यात आधी कळतं ते काचांना. सांगलीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक मंगल कार्यालय आहे. तिथं वरातीचा डीजे सुरू झाला की मांडणीतले पेले एकमेकांना लागतात, खिडकीचं तावदान कुरकुरतं आणि माझं डोकं फिरतं. यंदाचा वैशाखही असाच वाजतगाजत आला. फरक एवढाच, की यंदा काचांबरोबर आणखी एक वस्तू थरथरत होती, आणि तिच्यासाठी मी अख्ख्या डीजेशी वैर घ्यायला तयार होते. ती वस्तू म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. नवा, बेताच्या किमतीचा, पारदर्शक झाकणाचा. घरात येऊन त्याला चार दिवस झाले होते आणि चार दिवसांत त्यानं एक गाणं धड वाजवलं नव्हतं.

"मास्तरीणबाईंची पिन अडकली," आमचे हे म्हणाले. हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, आणि मीही गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. तीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर चुकलं की पहिल्या पायरीपासून पुन्हा करायचं, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळं पिन अडकली हे खरंच होतं. ती सुटेपर्यंत मी जेवणाकडंही नीट लक्ष देणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी निमूटपणे कुकर लावला.

या सगळ्याच्या मुळाशी अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. इस्लामपूरच्या अलीकडं आमचं गाव, आणि आसपासच्या दहा-बारा गावांत त्यांची ओळख स्पीकरवाले अण्णा. ज्या काळात लग्न म्हणजे मांडव, जेवणावळ आणि झाडाला बांधलेला कर्णा एवढंच होतं, त्या काळात तो कर्णा अण्णांचा असायचा. बैलगाडीतून बॅटरी, अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणि पत्र्याची एक पेटी घेऊन ते निघायचे. पेटीत रेकॉर्डी. प्रत्येकीच्या पाकिटावर निळ्या पेन्सिलीनं एकच शब्द: 'हळद', 'अक्षता', 'जेवण'. गाणं कुठलं, गायलंय कुणी, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. लग्नात ते कुठं बसतं, एवढंच ते बघायचे. सबंध पेटीत 'पाठवणी' असं लिहिलेली रेकॉर्ड मात्र एकच होती. लहान आकाराची, लाल कागदाची.

हिवाळ्यात कानाच्या उपचारासाठी अण्णा आमच्याकडं सांगलीला आले. वय चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की उजवा कान गेल्यात जमा आहे, डावाही उतरतोय. यंत्र लावलं की बोलणं कळेल, पण गाणं गाण्यासारखं लागेलच असं नाही. बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणला डाक्टर?" मी मोठ्यानं सांगितलं, यंत्र बसवायचंय, बोलणं नीट ऐकू येईल. त्यांनी मान हलवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "आन गाणं? त्ये कवापातुर?"

मी रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगायला लागले.

मोबाईलवर गाणी लावून देऊन पाहिली. अण्णांनी तो डाव्या कानाशी धरला, दोन कडवी ऐकली आणि परत दिला. "गाणं हाय, पर कोरडं हाय," म्हणाले. "माझी पेटी कुठाय?" पेटी गावाकडं धाकट्या भावाच्या माळ्यावर होती. उसाच्या वाळल्या पाल्याखाली, वर पत्रा आणि त्या पत्र्यावर वीस-पंचवीस उन्हाळे. जुनं मशीन कधीच मोडीत गेलेलं. पेटीही भंगारात देणार होतो, असं भाऊ म्हणाला. मी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं ती स्वतः उचलून गाडीत ठेवली.

अण्णांचं काम मी लहानपणी जवळून पाहिलंय. सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला बायका त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या, अमुक लावा, तमुक लावा. हात हळदीनं माखलेले, आणि त्याच हातांनी पाकिटं चाळायच्या. अण्णा कुणाला नको म्हणायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणं, मानपान, रुसवेफुगवे. या सगळ्यांत ते मशीनच्या कडेला बसलेले, पाठ ताठ. पान नाही, तंबाखू नाही. "हातानं दुसरं काम केलं की हात बिघडतो," असं त्यांचं म्हणणं.

आणि पाठवणी. ती वेळ जवळ आली की अण्णा झाडावर चढायचे आणि कर्णा फिरवायचे. दिवसभर मांडवाकडं असलेलं त्याचं तोंड नवरी ज्या गावाला जाणार त्या वाटेकडं करायचे. हे त्यांनी कुणाकडून उचललं, ठाऊक नाही. मग खाली येऊन आवाज पार बंद करायचे, पिन रेकॉर्डवर टेकवायचे, आणि त्यानंतर हळूहळू आवाज चढवायचे. आधी पिनेची दांडी, मग आवाज. थांबवताना उलट. जाणाऱ्या पोरीच्या कानावर खरखर पडता कामा नये, असा नियम. गाडी गावाबाहेरच्या ओढ्यापलीकडं जाईपर्यंत गाणं थांबवायचं नाही. संपलंच तर पुन्हा लावायचं. माहेरी आलेल्या पोरी त्यांना सांगायच्या, "आण्णा, वड्यापातुर ऐकू आलं." हीच त्यांची शाबासकी.

माझ्या पाठवणीला मात्र गाणं लागलं नाही.

हे मी आत्ता शांतपणे लिहिते आहे, पण सदतीस वर्षं मला ते शांतपणे बोलता आलेलं नाही. तोवर गावोगावी टेप आले होते, पण अण्णांनी मशीन सोडलं नव्हतं. स्पीकरवाल्याच्या पोरीचं लग्न, तेव्हा काय काय वाजेल, यावर गावात पैजा लागल्या होत्या. जेवणं उरकल्यावर अण्णांना चिंचेवर चढताना मी डोळ्यांनी पाहिलं. कर्ण्याचं तोंड त्यांनी मावळतीला केलं, माझ्या सासरकडं, पाटणच्या डोंगरांकडं. संध्याकाळी मला जीपमध्ये बसवलं. मी कान देऊन बसले. जीप सुटली, शाळा गेली, चावडी गेली, ओढा आला. मागं नुसता धुरळा. मी मान वळवून पाहिलं, तर कर्णा आमच्याकडंच बघत होता आणि गप्प होता.

पाचपरतवणीला गेल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, पिन मोडली गं ऐन वेळी. अण्णांनी मान हलवली. पण जादा पिना काड्यापेटीत असायच्या, कायम तीन. मी स्वतः मोजून भरत होते. मग माझ्याच वेळेला कशी मोडली? आणि मोडली तर बदलली का नाही? हे मी विचारलं नाही. दर लग्नाला, दर वरातीला मनातल्या मनात विचारत राहिले. माणूस मोठमोठी दुःखं विसरतो आणि असला एखादा सल जपून ठेवतो. माझाही जपलेला होता, अगदी पाकिटात घालून.

असो. मशीन.

पेठेतल्या एका बोळात शिकलगार मिस्त्री म्हणून जुने रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मी काही घेणार नव्हते. ते म्हणाले, "बाई, त्या बॅगंसारख्या पेट्या मिळत्यात बगा, झाकण लावलं की हातात धरून न्यायच्या. त्या घेऊ नगा. दिसाय झ्याक, पर दांडी लय जड. रेकॉर्ड खात्यात."

"मग कुठलं घेऊ? महागाचं नको."

"महागाचं कशाला? दांडीला मागल्या अंगाला वजन पायजे, फिरवून कमीजास्त करता येणारं. पिन बदलता आली पायजे. बाकी साधं असलं तरी चालतंय. मशीन सादं असू द्या, मांडणी चोख करा."

चोख हा शब्द माझ्या आवडीचा. तसलंच मशीन मागवलं आणि माहितीपुस्तिका घेऊन बसले. थाळी बसवली. तिच्या खालचा रबरी पट्टा मोटरच्या चाकावर चढवला. तो पीळ पडून बसला तर गाणं हेलकावे खातं. मग दांडी. पिनेचं टोपण काढायचं, मागचं वजन फिरवत जायचं, आणि दांडी हवेत समतोल राहिली, ना वर ना खाली, की तिथं शून्य धरायचं. मग तिथून मोजून दोन ग्रॅमचा भार द्यायचा. हे करताना मला फार आनंद झाला, लपवत नाही. फळ्यावर समीकरण सुटल्यावर वर्गातून एखादं पोर 'हां' करतं, तो आनंद.

पण वाजवलं तर पिन नाचायची. पाया तिरका, हे उघड होतं. शेजारी बांधकाम चाललंय, तिथल्या गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. मशीनवर ठेवली तर बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. आमच्या घराची फरशीच मोरीकडं उतरती आहे. वीस वर्षं राहून मला पत्ता नव्हता. एका पायाखाली पुठ्ठा सरकवला, बुडबुडा मधे आला. तरी पिन नाचायची. मग ध्यानात आलं, की हे खोलीतून चालले की नाचते. फौज सुटून वीस वर्षं झाली, पण टाच आपटायची सवय सुटलेली नाही. "गाणं चाललं असताना घरात परेड करायची नाही," असा हुकूम काढला. ते चवड्यांवर चालायला लागले. तेवढ्यात कार्यालयात डीजे सुरू झाला, आणि त्याला कुठला हुकूम देणार?

दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातला पाटा आठवला. आईनं लग्नात दिलेला, काळ्या दगडाचा, दोन माणसांनी उचलावा लागणारा. मिक्सर आल्यापासून तो उन्हात पडून होता. धुतला, घासला, पुसला. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घडी करून चार कोपऱ्यांखाली घातले आणि भिंतीलगतच्या लाकडी पेटाऱ्यावर तो मांडला. वर मशीन, वर पाणसळ. बुडबुडा मधोमध. टोकाला डीजे धडधडत होता, पेले वाजत होते आणि पिन आपल्या रेघेतून शांत चालली होती. खर्च म्हणाल तर एक ट्यूब. आईनं दिलेल्या भांड्याकुंड्यांपैकी शेवटी तो दगड कामाला आला.

मागून एक घोंघावणं यायचं, तेही मिस्त्रींनी फोनवर सोडवलं. "एक बारकी तार लोंबती का बगा मागं. ती त्या स्क्रूला आवळा." आवळली. घोंघावणं थांबलं.

आता अण्णांना बोलावलं. नीट बसवलं, डावा कान स्पीकरकडं. पेटीतली एक बरी रेकॉर्ड लावली आणि चहा आणायला आत गेले. बाहेर आले तर अण्णा मशीनवर वाकलेले, आणि दांडीच्या टोकावर, बरोबर पिनेच्या डोक्यावर, चार आण्याचं नाणं ठेवलेलं.

त्या काळी सगळे स्पीकरवाले हेच करायचे. मांडवात धूळ, पोरांच्या उड्या, बाजूला बैल; पिन उडू नये म्हणून वर नाणं. पण त्या नाण्यानं रेकॉर्डीच्या रेघा उकरून निघायच्या. मी दोन ग्रॅमसाठी एवढा जीव आटवलेला, आणि इथं त्याच्यावर हे. मी ओरडले. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलावंच लागतं, त्यामुळं रागवायचं होतं त्याच्या दुप्पट रागावले. अण्णांनी नाणं उचललं, पुसलं आणि बंडीच्या खिशात घातलं.

"उडू नगं म्हणून ठेवलं," ते हळूच म्हणाले.

"उडत न्हाई आता, आण्णा. पाटा घातलाय."

"व्हय. तुजं बराबर हाय."

संध्याकाळभर मला ते 'बराबर हाय' खुपत राहिलं. ज्यानं आयुष्यभर दहा-बारा गावांचे कान सांभाळले, त्याला मी मशीन हाताळायचं शिकवत होते. पण नाणं काही मी परत ठेवू दिलं नाही. लेक असले तरी मास्तरीण आहे.

रेकॉर्डी धुण्याचं काम मे महिन्याच्या दुपारी चाललं. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एकच थेंब. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. रेघांच्या अंगानं गोल गोल पुसायचं, आडवं कधीच नाही. मधला कागद भिजू द्यायचा नाही. मग साध्या शुद्ध पाण्याचा हात, आणि भांड्यांच्या जाळीत उभ्या करून पंख्याखाली वाळवायच्या. उन्हात नाही, माळ्यावरच्या उन्हानं काही आधीच पापडासारख्या वाकल्या होत्या, त्या गेल्याच. पिनेवरची धूळ बारीक कुंचल्यानं, मागून पुढं. सुभेदार एकेक रेकॉर्ड दोन्ही तळव्यांच्या कडेनं धरून नेत होते. मला वाटतं, बंदूकसुद्धा त्यांनी इतकी जपून धरली नसेल.

पाकिटांवर बोटांचे पिवळे ठसे होते. हळदीचे. चार दशकांपूर्वीच्या कुठल्या कुठल्या मावश्या-आत्यांचे. सांगलीत हळदीचा एवढा मोठा बाजार, पेठेतून गेलं की वास अंगाला चिकटतो, पण त्या ठशांनी मला जसं थांबवलं तसं त्या वासानं कधी नाही. ते मी पुसले नाहीत. रेकॉर्डी धुवायच्या होत्या, पाकिटं नाही.

पेटीच्या तळाशी ती निघाली. लाल कागद, निळ्या पेन्सिलीत 'पाठवणी'. ती मी धुतली. वाळवली, लावली. आवाज बंद ठेवून पिन टेकवली, मग चढवला. मला वळण त्यांचंच आहे, काय करणार. सनई सुरू झाली, बाईचा आवाज आला, अण्णांची मान डोलायला लागली. आणि पहिलं कडवं सरता सरता पिन उडाली. पुन्हा तीच ओळ, पुन्हा उडी, पुन्हा तीच ओळ. मी दांडी उचलली, रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. कडेपासून आतपर्यंत एक ओरखडा. चुकलेल्या गणितावर मी लाल पेनानं मारायचे तशी काट.

"आण्णा, ह्यो वरखडा कवाचा?"

त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली. अंगठा कडेवर फिरवला. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

"तुज्या लगनातला," ते म्हणाले.

हे दारात उभे होते, ते तिथंच थांबले.

"पिन मोडली न्हवती, सुमे. तुला जीपमदी बसीवली. म्या आवाज बंद क्येला, दांडी उचलली, आन हात हालला. कवा हालला न्हवता. दांडी घसरली ती आरपार ग्येली. आवाज बंद हुता म्हणून कुणाला कळलं न्हाई."

"दुसरी बाजू लावायची. दुसरं गाणं लावायचं."

"पाठवणीची एकच हुती गं. आन मला फुडचं काय दिसतच न्हवतं."

"मग पिन मोडली असं का सांगितलं? सदतीस वर्षं?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. रागावले असावेत असं वाटलं. "स्पीकरवाल्याचा हात हालला, असं सांगू गावाला?"

मला आधी राग आला. मग रागाचं काय करायचं कळेना. एवढी वर्षं ज्या गोष्टीचा पुरावा मी मनात शोधत होते, ती एका पत्र्याच्या पेटीत वाळल्या पाल्याखाली पडून होती, आणि मी समजत होते त्याच्या नेमकी उलटी होती. बाप मला विसरला नव्हता. माझ्या वेळेला त्याला त्याचा हात आवरला नव्हता. मी आत जाऊन तोंड धुतलं आणि पदरानं पुसत बाहेर आले. ही रेकॉर्ड वाजणार. शेवटपर्यंत वाजणार, आणि याच उन्हाळ्यात. अण्णांचा डावा कान माझ्यासाठी थांबणार नव्हता.

मिस्त्रींकडं नेली. त्यांनी भिंग लावून पाहिली. "रेघंतला काठ आत पडलाय, म्हणून पिन उडतीय," ते म्हणाले. "मशीननं हुणार न्हाई हे. लाकडाची दातकोरणी घ्या. भिंगाखाली, रेघंच्या अंगानं, अलगद. घाई केलीसा तर ग्येली."

रोज दुपारी, कार्यालयात पंगती बसल्या आणि डीजे गप्प झाला, की मी बसायचे. हे टॉर्च धरून. फौजेतल्या माणसाला टॉर्च धरायला सांगितला की तो हलत नाही, हे त्यांचं आयुष्यातलं मोठं पुण्य. दातकोरणीचं टोक रेघेत धरायचं आणि केसभर पुढं न्यायचं. मान दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं. पहिल्या दिवशी पिन उडालीच. दुसऱ्या दिवशी दोन रेघा पुढं जाऊन उडाली. "जाऊ द्या आता," एकदा हे म्हणाले. मी नुसतं पाहिलं. त्यांनी टॉर्च पुन्हा उचलला. पाचव्या दिवशी मिस्त्रींना विचारून मागचं वजन अर्धा ग्रॅम वाढवलं, आणि पिन त्या जागेवर आली, अडखळली आणि पुढं गेली.

दर फेऱ्याला 'टक्' असा आवाज होता. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत टक्, टक्. अण्णा डावा कान स्पीकरला जवळजवळ टेकवून बसले होते, पंजा स्पीकरच्या लाकडावर. गाणं संपल्यावर म्हणाले, "साफ वाजली गं. कायसुदिक आवाज न्हाई." त्यांना टक् ऐकू आलं नव्हतं. मी सांगितलं नाही. त्यांनी मला सदतीस वर्षं मोडकी पिन सांगितली, मी एवढं सांगितलं नाही तर फिटंफिट.

मग ते उठले. स्पीकरची पेटी भिंतीकडून फिरवायला लागले. मी मदतीला गेले तर हात बाजूला केला. "पाटण कुठल्या अंगाला?" त्यांनी जावयाला विचारलं. ह्यांनी दाराकडं बोट दाखवलं. आमचं दार मावळतीला आहे. अण्णांनी पेटी बरोबर त्या दिशेला वळवली, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं, पुन्हा बोटभर सरकवली. आवाजाचं बटण पार उतरवलं. मशीनच्या कडेला खुर्ची घेऊन बसले, पाठ ताठ.

"जा आता," मला म्हणाले.

"कुठं?"

"जा म्हणतुय न्हवं."

मला कळलं. कळल्यावर काय करावं सुचेना, म्हणून खुंटीवरची भाजीची पिशवी घेतली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पायांत स्लीपर, अंगावर धुवट साडी. उंबऱ्याशी पोचले तर मागून हे म्हणाले, "आवं मामा, एकटीच कशी जाईल ती? नवरा मी हाय की." आणि चपला घालून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

आम्ही बाहेर पडलो. चार पावलं काहीच नव्हतं. मग मागून सनई हळूहळू चढत आली. दुपारचे साडेतीन, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं, ऊन रणरणत होतं. शेजारच्या बांधकामावरचा गवंडी थापी हातात घेऊन बघत राहिला. टक्, टक्. मला ते नीट ऐकू येत होतं, आणि प्रत्येक टकेला पाऊल पडत होतं. रडू आलं. आवरलं नाही. पाठवणीत रडायचंच असतं, आणि माझं तेवढं राहून गेलं होतं. त्या दिवशी मी कान देण्याच्या नादात रडलेही नव्हते. ह्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. कार्यालयाच्या दारात उद्याच्या लग्नाची कमान उभी राहत होती, कामगार वर चढून फुलं बांधत होते. त्यांतला एक गाण्याच्या दिशेनं मान वळवून थांबला.

गल्लीचं वळण आलं. वळलो की खिडकीतून आम्ही दिसेनासे होणार होतो. मला मागं बघायचं होतं. मी बघितलं नाही, वळले, आणि भिंतीच्या सावलीत थांबले. हेही थांबले. गाणं अजून चालू होतं. अण्णा उठून खिडकीशी आले असणार, आम्ही ओढा ओलांडला का ते बघत असणार.

मग आवाज उतरायला लागला. एका दमात नाही, थोडा थोडा. बाईचा सूर बारीक होत गेला, सनई विरली, आणि काही उरलं नाही. मी श्वास धरून उभी होते. खरखर आली नाही.

"हात हालला न्हाई," मी म्हणाले.

"न्हाई हालला," हे म्हणाले.